आठव्या भागापासून

प्रिय हुरियाताई,

हे फोनवर सांगितलं असतं, तर तू मागच्या वेळेसारखा मध्येच फोन ठेवला असतास. कागद तसा ठेवता येत नाही. शेवटपर्यंत वाच.

शाळेला हिवाळ्याची सुट्टी लागल्यापासून यम्मा आणि मी, दोघी मायलेकी, एक रहस्यमालिका बघत होतो. उत्तरेकडच्या कुठल्याशा देशातली, बर्फाळ गावातली. दहा भागांची. बारा वर्षांचा मुलगा हरवतो आणि सगळं गाव त्याला शोधतं. बोलणं त्यांच्या भाषेत, खाली अरबी ओळी. यम्माला अक्षर येत नाही, म्हणून त्या ओळी मी आपल्या घरच्या बोलीत मोठ्यानं वाचायच्या. ती मोठ्या परातीत कुसकुसचा रवा वळत बसायची आणि मला टोचायची, "जोरात वाच की गं, पदवीधर! तुला विद्यापीठात काय कुजबुजायला शिकवलं?" तिसऱ्या भागातच तिनं त्या गावातल्या मास्तरला गुन्हेगार ठरवलं. का, तर त्याचं घर फार स्वच्छ. "एकट्या पुरुषाचं घर इतकं लख्ख? काहीतरी पुसतोय तो." अजून एकच भाग, मग भांडी, असं म्हणत एका दुपारी चार भाग झाले. आपला भाऊ झोहीर होडीतून स्पेनकडे गेल्यापासून या चौदा महिन्यांत मी तिला इतकं बोलताना पाहिलं नव्हतं.

मालिका शाळेतल्या एका बाईंनी दिली होती. गोष्ट कशाची आहे हे मी विचारलंच नाही. कळलं तेव्हा यम्मा बंद करू देईना. "सापडेल गं पोर," म्हणायची. कुठलं पोर, ते मला ठाऊक होतं.

आणि स्पेनहून आलेलं ते पाकीट माझ्या गणिताच्या पुस्तकात पडून होतं. किनाऱ्याला लागलेला एक देह, वय अंदाजे पंचवीस. आईच्या लाळेचा नमुना महिनाअखेरपर्यंत पोचला तर ओळख पटवून बघतील, नाहीतर निनावी पुरतील. तू म्हणालीस, फाडून टाक, यम्मा मरेल. मी फाडलं नाही, पण दाखवलंही नाही. वर्गात मुलांना सांगते, उत्तर चुकलं तरी चालेल, पायऱ्या खऱ्या लिहा. घरात माझी पहिली पायरीच खोटी होती.

आठव्या भागाच्या शेवटी तो मुलगा सापडला. गोठलेल्या तळ्यात, मेलेला; पडद्यावर मात्र नुसता बर्फ दिसला. पोलीसबाई त्याच्या आईसमोर उभी राहिली, खाली ओळ आली, आणि यम्माचे हात परातीत थांबले. मी वाचलं, "मुलगा मामाकडे सुखरूप आहे."

मग खोटं निभवावं लागलं. पडद्यावरची आई जमिनीवर कोसळली, तर मी म्हटलं, आनंदानं. नवव्या भागात शवपेटी आली. मी म्हटलं, आजोबा वारले. दहावा भाग अर्धा झाला तेव्हा यम्मा शांतपणे म्हणाली, "वहीबा, हा आजोबा आला कुठून? आठ भागांत एकदा तरी खोकला का?"

मला हसू आलं आणि त्याच्याबरोबर रडूही. तिनं हातावरचा रवा झटकला, म्हणाली, "मागे ने. आठव्या भागापासून. आणि आता आहे ते वाच."

मी वाचलं, ताई. तिन्ही भाग, एकेक ओळ. मारलं कुणीच नव्हतं. बर्फ फुटून तो बुडाला होता, आणि गावातल्या दोघांनी ते पाहिलं होतं. घाबरून गप्प राहिले. यम्मा मुलासाठी रडली नाही. त्या दोघांवर चिडली. "रोज तिच्या स्वयंपाकघरात कॉफी पीत होते गं! आणि ती बाई रोज दार उघडं ठेवत होती."

मी उठले, पाकीट आणलं आणि तेही तसंच वाचून दाखवलं. तिनं दोनदा वाचायला लावलं. मग म्हणाली, "हुरिया दर शुक्रवारी सांगते, झोहीरचा फोन आला होता, तुझ्या गुडघ्यांची चौकशी करत होता. माझ्या झोहीरनं आयुष्यात कुणाचे गुडघे विचारले होते? तो विचारायचा, जेवायला काय आहे." म्हणजे पहिल्या शुक्रवारपासून तिला कळत होतं. मी विचारलं, मग बोलली का नाहीस? म्हणाली, "पोरगी इतकी मन लावून रचायची. शिवाय तेवढा वेळ त्याचं नाव तरी घरात ऐकू यायचं."

नमुना सोमवारी पाठवला. कापसाची काडी गालाच्या आत तिनं स्वतः फिरवली, मला हात लावू दिला नाही. उत्तराला सहा आठवडे लागतील. तो देह आपल्या झोहीरचा असेल, नसेल. पण इथून पुढे या घरात कुणी कुणाला गोष्ट सांगायची नाही, असं ठरलं आहे. म्हणून हे पत्र. येत्या शुक्रवारी तो फोन करू नकोस. त्याऐवजी बसमध्ये बस. हे मी माझ्या मनानं लिहीत नाहीये, यम्मा शेजारी बसून सांगते आहे, आणि तिचं वाक्य जसंच्या तसं उतरवते: "हुरियाला लिही, घरी ये. एकटीनं इतकं खोटं बोलून दमली असशील."

तुझीच,
वहीबा