महिना एकशे नव्याण्णव रुपयांचं जागतिक व्यासपीठ

१ ऑक्टोबर, मंगळवार. सकाळी ६.४०
आजपासून रोज सहाला उठणार. आजची चाळीस मिनिटं धरायची नाहीत.

काल बंगळुरूहून आलेल्या इन्व्हेस्टर पोराने माझं 'नेरम' (तमिळमध्ये 'वेळ') हे सॉफ्टवेअर बघून तोंड वाकडं केलं. परदेशातल्या मुलांना चेन्नईतून ऑनलाइन गाणं शिकवणाऱ्या मामींना 'तुमचा क्लास आपल्या घड्याळाने किती वाजता' एवढंच ते सांगतं. महिना एकशे नव्याण्णव रुपये. त्रेसष्ट मामी भरतात. पोरगा म्हणाला, सर, हे टूल आहे, कंपनी नाही. असल्या चिल्लर वर्गणीवर कोण पैसे लावणार? वयाने लहान, पण बोलला खरं. मी फारच छोटा विचार करत होतो.

अखिलाने (बायको) मुदत दिली आहे: ११ नोव्हेंबर. जुना मॅनेजर तोवर माझी जागा धरून ठेवणार. इन्व्हेस्टर मिळाला नाही तर पुन्हा गळ्यात ओळखपत्राचा पट्टा आणि शोळिंगनल्लूरच्या आयटी पार्कची बस. त्यापेक्षा मरण परवडलं. पण सहा आठवडे मला रग्गड झाले.

२ ऑक्टोबर. ८.१५
सुट्टीच्या दिवशी सहाला उठायचं ठरलं नव्हतं.

९ ऑक्टोबर, बुधवार
नवीन नाव: 'नेरम ग्लोबल'. जगातल्या समस्त संगीतशिक्षणाचं व्यासपीठ. स्लाइड ३१ झाल्या.

मध्येच कोमलवल्ली मामींचा फोन. माझी सगळ्यात जुनी ग्राहक, मैलापूर. डॅलसच्या दोन मुलींची वेळ अदलाबदल झाली म्हणे. मी समजावलं की मी सध्या मोठ्या चित्रावर काम करतोय. त्या म्हणाल्या, बरं, अखिला आहे का घरात? मग अखिला पानातला रसम-भात टाकून अर्धा तास त्यांच्याशी गप्पा मारत बसली. रोज कुठल्या ना कुठल्या मामीशी हेच. वेळेची किंमत नाही लोकांना.

१७ ऑक्टोबर, गुरुवार
नाचियप्पन सर भेटले! कारैकुडीचे चेट्टियार, वय सत्तर. घराणं पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्यांच्या धंद्यात पैसा घालणारं. टी. नगरमध्ये भांड्यांच्या दुकानावर ऑफिस. एसी नाही.

४८ स्लाइड नेल्या होत्या. तिसरीला त्यांनी कॉफी मागवली आणि विचारलं, "तंबी, किती जण पैसे भरतात?" मी म्हटलं, त्रेसष्ट, पण ती नुसती सुरुवात, पुढे सात अब्ज आहेत. त्यांनी विचारलं, सोडून किती गेले? मी म्हटलं, तीन वर्षांत एकही नाही. ते पहिल्यांदा ताठ बसले. का नाही गेले, असं विचारलं. मी म्हटलं, तंत्रज्ञान.

"न सांगता दर महिन्याला एकशे नव्याण्णव भरणारा माणूस मला तुझ्या सात अब्जांपेक्षा जवळचा," असं म्हणाले. जुन्या पिढीला मोठा आकडा झेपत नाही. पण मामींचे फोन नंबर मागून घेतले, चौकशी करणार म्हणाले. म्हणजे काम झालंच.

१९ ऑक्टोबर, शनिवार
स्लाइड २२ वर 'बँकेच्या तोडीची सुरक्षा' लिहिलंय. म्हणून पासवर्ड बदलला. अखिला अधूनमधून आत शिरून डागडुजी करत असते. असल्या गोष्टी इन्व्हेस्टरला आवडत नाहीत. तिने विचारलं, मलाही नाही सांगणार? मी म्हटलं, नियम तो नियम. ती हसली. हसण्यासारखं काही नव्हतं.

२८ ऑक्टोबर, सोमवार
लंडनची घड्याळं काल तासभर मागे गेली. तिकडे हिवाळ्यात करतात. दोन मामी तासभर श्रुतीपेटी लावून रिकाम्या पडद्यासमोर बसल्या. अखिला म्हणते, येत्या रविवारी अमेरिकेची घड्याळं मागे जातील. अहो, पासवर्ड द्या, दरवर्षी मीच हाताने बदलते.

हे मला नवीन. माझी समजूत होती की सिस्टम आपोआप करते. पण चौकशी चालू असताना तिसऱ्या माणसाने हात लावणं बरं दिसत नाही. मीच करणार. शनिवारी. नक्की.

३१ ऑक्टोबर. दिवाळी
पहाटे तेल लावून अंघोळ. गुळाचे अधिरसम सात खाल्ले. वजनाचं सोमवारपासून.

२ नोव्हेंबर, शनिवार
दिवसभर स्लाइड ५२ चा निळा रंग जमेना. घड्याळं तशीही उद्याच बदलतात. आज बदलून उपयोग काय?

३ नोव्हेंबर, रविवार
पासवर्ड आठवत नाही. इतका भक्कम की खुद्द मालकालाही आत घेत नाही. एका अर्थी स्लाइड २२ खरी ठरली.

४ नोव्हेंबर, सोमवार. सकाळी ११
सहाला न्यू जर्सीचं एकही पोर उगवलं नाही. सातला ती आणि घड्याळं न बदलणाऱ्या देशांतली सातची पोरं एकदम आली. कोमलवल्ली मामींच्या पडद्यावर निम्मी पोरं पुढच्या वर्गाचं वर्णम गातायत, निम्मी नवशिक्यांची सरळी वरिसै. मला एकोणीस फोन. शेवटी फोन बंद केला, नेतृत्वाला शांतता लागते. अखिला शंभर पानी वही घेऊन एकेका मामीला नवीन वेळा सांगत बसली आहे. माझ्याशी बोलत नाही.

६ नोव्हेंबर, बुधवार
त्रेसष्टही जणींनी 'नेरम'ची वर्गणी बंद केली. भीती वाटली. खरंच वाटली, इथे लिहायला हरकत नाही.
मग विचार केला: आता जुनं ओझं नाही. नवं व्यासपीठ कोऱ्या पाटीवर उभं राहील.

११ नोव्हेंबर, सोमवार
नाचियप्पन सरांनी दोघांना बोलावलं. बायकोला का, ते कळेना. मी नवा निळा रंग घेऊन गेलो.

लॅपटॉप उघडू दिला नाही. म्हणाले, मी त्रेसष्ट घरी फोन केले. सॉफ्टवेअर बंद पडलं तरी सगळ्याजणी महिन्याचे एकशे नव्याण्णव भरतायत, आता थेट अखिलाला, तिच्या वहीसाठी. अडलं की पहिल्यापासून तिलाच विचारायच्या म्हणे.

मग तिच्याकडे वळून म्हणाले, "अम्मा, असलंच छोटं काहीतरी मी शोधत होतो. किती लावू?"

अखिलाने त्यांनी सांगितलेल्यातले निम्मेच घेतले. एक नीट इंजिनिअर ठेवेन, धंदा मोठा करायचा नाही, असं लिहून घेतलं. मी आठवण करून दिली की अट पुरी झाली, ११ तारखेच्या आत इन्व्हेस्टर मिळाला. ती म्हणाली, हो, मला मिळाला.

कागदावर साक्षीदार म्हणून माझी सही लागली. नाव लिहिलं: चक्रपाणि. खाली 'व्यवसाय' असा रकाना होता. संस्थापक लिहावं की जागतिक संस्थापक, याचा विचार करत होतो. अखिलाने माझ्या हातातून पेन घेतलं आणि लिहिलं: नोकरी.