एका घरातला एक होकार

मी, अनिल खंडू रेवाळे, वय अडुसष्ट, माजी आमदार व विधानसभेतील पक्षाचा माजी गटनेता, राहणार पालीजवळ, जिल्हा रत्नागिरी, स्वखुशीने लिहून ठेवतो की माझे डोके ठिकाणावर आहे, हात चालतो आणि कानही शाबूत आहेत. आवाज मात्र घशाच्या ऑपरेशनमध्ये गेला. ज्या आवाजाने सभागृह गप्प बसायचे, तो आता पाणी मागायलाही उरलेला नाही. या लिखाणामागे कोणाचा दबाव नाही. दबाव कसा आणतात ते मला कोणी शिकवायला नको.

१. राहते घर मुलगा अजिंक्य व मुलगी रुचिरा यांना समाईक. मधे भिंत घालू नये. भिंत घातली तर देव एकाकडे जातील आणि पुढची ओटी दुसऱ्याकडे, असला प्रकार मला चालणार नाही.

२. कलमांची बाग अजिंक्यला. फवारणीच्या दिवसांत तरी त्याने मुंबईच्या बैठका टाळाव्यात. कातळावरची जमीन रुचिराला. तिथे मिरजोळ्याच्या एमआयडीसीसारखे कारखाने येणार असे तिला कोणीतरी सांगितले आहे. तेच मी प्रत्येक निवडणुकीत सांगत आलो, तेव्हा तिने विश्वास ठेवू नये.

३. माझी गाडी चालवत आलेला काशीराम गोताड याला यात काही ठेवलेले नाही. तो साक्षीदार आहे, आणि साक्षीदाराला दिले की उद्या शंका निघतात. काशीराम, राग मानू नकोस. दुसरा भरवशाचा माणूस मला सापडला नाही.

४. माझ्या प्रेतावर कोणत्याही पक्षाचा झेंडा घालू नये. दोन्हीकडचे घेऊन येतील. दोघांनाही गेटाबाहेर थांबवावे.

५. आता मुख्य विषय. आमचा पक्ष फुटला तेव्हा गटनेता मी होतो. आमदारांनी कसे मत द्यायचे याचा पक्षादेश माझ्या सहीने निघायचा. त्या दिवशी दोन्ही गटांचे दोन पक्षादेश मलाच बजावण्यात आले. मी तटस्थ बसलो. दोघांनी गद्दार म्हटले, तिकीट कोणीच दिले नाही, सगळी कारकीर्द पाण्यात गेली. तेही सोसले असते. पण अजिंक्य एका गटात गेला आणि रुचिरा दुसऱ्या.

त्याच वर्षी शिमग्याला ग्रामदेवतेची पालखी आमच्या अंगणात आली. गावाचे मानकरी, गावकार आप्पांनी देवीला गाऱ्हाणे घातले, "बा म्हाराजा, ह्या घराची राखण कर." सगळे म्हणाले, "व्हय म्हाराजा." मग आप्पा जुन्या सवयीने बोलून गेले, "आमदारसायबांच्या पक्षाला यश दे." अजिंक्य ओरडला, "व्हय म्हाराजा!" लगेच रुचिरा म्हणाली, "कंच्या पक्षाला, ता आदी सांगा!" आलेली माणसे दोन बाजूंना झाली. निम्मी व्हय, निम्मी नाय. देवासमोर "नाय म्हाराजा" मी जन्मात ऐकले नव्हते. सभागृहात असे झाले, की अध्यक्ष मते मोजायला लावतात. आमच्या अंगणात कोण मोजणार? आप्पांनी पालखी उचलायला सांगितली. ओटी न भरता, नारळ न फोडता ती गेली, आणि त्यानंतर माझ्या दारात देव आलेला नाही. मी त्या दिवशी न्हाणीत जाऊन रडलो.

६. यंदा माझे आजारपण ऐकून आप्पा भेटायला आले. म्हणाले, "पालकी आनतो. पन घरातना एकच व्हय आला पायजे. न्हायतर फुडच्या घराला जाऊ." शिमगा महिन्यावर आहे आणि डॉक्टर तोवरची खात्री देत नाहीत. मी आधी गेलो तर घराला सुतक, मग पालखी येणारच नाही. पुन्हा या छपराखाली तुम्ही दोघे एकत्र कशासाठी याल, ते मला दिसत नाही. झोप लागत नाही मला.

७. मृत्युपत्र माणूस गेल्यावर अमलात येते, हे मला माहीत आहे. तेवढी वाट मी बघू शकत नाही. म्हणून काशीरामने दोघांना बोलावून हे माझ्या देखत मोठ्याने वाचावे. नियमात बसत नसेल, तर ही माझी शेवटची लक्षवेधी सूचना समजा.

अजिंक्य, रुचिरा, मी तुमच्या पाया पडतो. आपापल्या पक्षात राहा, उद्या एकमेकांविरुद्ध उभे राहा, मी अडवत नाही. अंगणात पक्षाचे नाव निघणार नाही, असा आप्पांकडून शब्द घेतला आहे. ते फक्त घराची राखण मागतील. त्याला घरधन्याने उत्तर द्यायचे असते, आणि घरधनी मुका झाला आहे. माझे दोन शब्द तुम्ही दोघांनी मिळून म्हणा. नाहीतर पालखी पुढे जाईल आणि मला तिला हाकसुद्धा मारता येणार नाही.

हे वाचून संपले की इथेच, माझ्यासमोर, एकदा म्हणून दाखवा. कान शाबूत आहेत, हे वर लिहिलेच आहे.

लिहून ठेवणार : अनिल खंडू रेवाळे (सही)

आमच्या देखत सही केली :
१. काशीराम गोताड (सही)
२. डॉ. नम्रता शिवगण (सही)

मुक्काम पाली, जि. रत्नागिरी
दि. १ फेब्रुवारी २०२६