सतरा नंबरची रिकामी बस

१२ नोव्हेंबर

प्रिय ताई,

नमस्कार. इथे सगळे बरे आहेत. तुझ्या भाचीने केस इतके बारीक कापलेत की पाठमोरी मीच वाटते. पत्रास कारण म्हणशील, तर तू फोन उचलत नाहीस. नको उचलूस, पण वाच तरी.

आमच्या परिवहन खात्याची नवी योजना कागदावर फार देखणी आहे गं. मेट्रो आणि बस एकाच कार्डावर. लांबच्या बस बंद करून त्याच गाड्या स्टेशनपर्यंत माणसं पोचवायला लावायच्या. तुमच्या घरापासून हॉस्पिटलपर्यंत म्हणजे आधी छोटी बस, मग मेट्रो, मग पुन्हा बस. बदलायला चार-चार मिनिटं.

मंगळवारी रजा टाकून मी स्वतः तसा गेलो. तुमच्या दारावरूनच गेलो, पण कोणत्या तोंडाने वर येणार? छोटी बस पस्तीस मिनिटांनी आली. स्टेशनचा सरकता जिना बंद. बासष्ट पायऱ्या चढताना मला धाप लागली, आणि माझ्या तर दोन्ही किडन्या शाबूत आहेत. डायलिसिसहून येताना भाऊजी तिथेच तासभर बसून राहिले होते ना?

किती वेळ टाळू? 'वरून आदेश आला म्हणून तुमची थेट हॉस्पिटलची सतरा नंबर बंद झाली,' असं मी तुला सांगितलं, ते साफ खोटं. त्या बसचे प्रवासी मीच मोजले. म्हणजे कंडक्टरच्या मशीनमधून निघालेली तिकिटं मोजली. पासवाल्यांचं तिकीट निघतच नाही, आणि सतरा नंबर अख्खी पासवाल्यांनी भरलेली, सगळे म्हातारे आणि पेशंट. आमच्या लेखी ती रिकामी धावत होती! कंडक्टर म्हणालाही, "साहेब, एकदा बसून तर बघा." मी म्हटलं, बघू. अहवाल द्यायची घाई होती. गाढव आहे मी.

टॅक्सी तुमच्या चढाला येत नाही, ठाऊक आहे. भाऊजी आठवड्यातून तीनदाऐवजी एकदाच जातात, हेही शेजारच्या काकूंकडून कळलं.

बस पुन्हा सुरू करा म्हणून मी अर्ज केला. तो फेटाळला. कारण काय, तर 'या मार्गावर प्रवासी नाहीत.' पुरावा म्हणून माझाच अहवाल जोडलाय. पुढचा आढावा वर्षाने. भाऊजींकडे वर्ष नाही, ताई. मीच त्यांना मारतोय.

काल त्यांनी तुझ्या नकळत फोन केला. आवाज एवढासा झालाय, पण थट्टा तीच. "काय बसचे मालक! सोमवारी सुरू करताय ना आमची गाडी? पावणेसातला स्टॉपवर हजर राहतो."

मी हो म्हणालो.

सोमवारी त्यांना खाली उतरू देऊ नकोस. काय सांगायचं, ते मला सुचत नाही.

अजून भाऊ म्हणत असलीस तर तुझा,
धाकटा