जमादाराचा दाखला

पातूर
५ फेब्रुवारी २०२५

ढोराच्या दवाखान्यात मले तीन तास बाकड्यावर बसवलं आणि शेवटी डॉक्टर म्हणे, ह्या सुईच्या कार्डावरचं कुत्रं आतापावेतो मेलं असन. मी म्हटलं, मेलं असन तं हे तुमच्या टेबलाचा पाय काहून चाटून राहिलं. त्यानं कार्ड माझ्या डोळ्यापुढं धरलं. नाव जमादार, रंग काळा, वय आता मोजलं तं पंधरा वर्षं. समोर उभं ते पिवळं, चार वर्षांचं. म्हणे, आजी, रंग उतरला हे मी समजू शकतो, पण वय कसं उतरलं. बाकड्यावरचे सारे हसले. एक बकरीवाला तं उगाच हसला, त्याले काही कळलं नव्हतं.

हे आधी लिहिलं कारण डोक्यात आधी हेच होतं. आता चि. प्रणालीस आजीचे आशीर्वाद. इकडे बरं आहे म्हणायले हरकत नाही. तिकडची खुशाली कळव.

तुले माहीत आहे, आपल्या घरी कुत्रं म्हणजे जमादार. पहिल्याचं नाव तुझ्या आज्यानं, किसनरावांनी ठेवलं, ते वावराच्या धुऱ्यानं फेरी मारे म्हणून. तवापासून एक गेला की दुसरा जमादार. किसनरावांचा कायदा होता की नाव रिकामं पडू द्यायचं नाही. हा चौथा. कार्ड तिसऱ्याचं निघालं. मले वाटलं हे बी रेशनच्या कार्डासारखं असते, घराचं. एक माणूस गेलं तरी कार्ड चालूच. डॉक्टर म्हणे, आता नव्यानं सुई टोचा, नवं कार्ड करा, महिनाभर थांबा, मग प्रवासाचा दाखला.

तुझा बाप दिवाळीत आला तवा म्हणे, बदली भुवनेश्वरले झाली, माय, आता तू इथं एकटी नको राहू. मी म्हटलं, कुत्रं येईन तं मी येईन. तो म्हणे, दाखला आण, कुत्रं आण. हे तुझ्यासमोर झालं, विसरू नको.

फोन करू नको. मले ऐकू येत नाही, आणि तू ओरडते तं शेजारच्या माणिकबाईले सारं ऐकू येते. मी चौथी शिकली ती कामी येऊ दे.

लोभ आहे तेवढा पुरे, वाढवायच्या भानगडीत पडू नको. उत्तर मात्र पाठव.

तुझी आजी
आशाबाई


अमरावती
१० फेब्रुवारी २०२५

ती. आजीस प्रणालीचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र आईला वाचून दाखवलं. ती हातातला टेप ठेवून खालीच बसली हसत. आमच्या घरात गेले पंधरा दिवस खोकी आणि टेप याशिवाय काही नाही. खोक्यांवर मी काय लिहिलं ते मलाच लागत नाही, त्यामुळे काल चमचे शोधायला चार खोकी फोडली. आई म्हणते, भुवनेश्वरला पोचेपर्यंत आपण हातानंच खाणार.

आता कामाचं. गाडी अठ्ठावीस मार्चची आहे, बडनेऱ्याहून. मी इथल्या एका डॉक्टरांना विचारलं. रेबीजची लस टोचून महिना झालेला हवा, कार्डावर तारीख हवी, आणि दाखला निघायच्या एक-दोन दिवस आधीचा हवा, फार आधी काढून उपयोग नाही. म्हणजे तू याच आठवड्यात टोचून घेतलंस तर सगळं बसतं. कार्डावर नाव काय लिहायचं ते डॉक्टर विचारतील. जमादारच सांग, पण चौथा म्हणून सांगत बसू नकोस, नाहीतर आणखी तीन दाखले मागतील.

बाबा बँकेतून आठ वाजता येतात आणि जेवताना डुलक्या घेतात. त्यांना तुझं पत्र सांगितलं. ते म्हणाले, हो हो, होईल सगळं. तुझी विचारपूस त्यांनी केली असं समज.

डोळ्यांत औषध टाकतेस ना? अकोल्याच्या डॉक्टरांनी दिलेली बाटली संपली असेल तर कळव.

उत्तराची वाट पाहते, आणि सोबत येणाऱ्या बोलण्यांचीही.

तुझी
प्रणाली


पातूर
१८ फेब्रुवारी २०२५

चि. प्रणालीस आशीर्वाद.

सुई झाली. काल, सतरा तारखेले. कार्डावर तारीख आहे, मी दोनदा वाचून घेतली.

जायले ओमप्रकाशचा ऑटो केला. कुत्रं चढे ना. रस्त्यात आडवं झालं जसं काही त्याले मोर्चा काढायचा आहे. मग मी आधी बसली, तं ते मुकाट्यानं येऊन माझ्या पायावर बसलं. ओमप्रकाश म्हणे, आजी, सवारी दोन धरू का. मी म्हटलं, एक धर, दुसरी सरकारी आहे, जमादार आहे.

दवाखान्यात धर्मेंद्र म्हणून ड्रेसर आहे, पोरगं बरं आहे पण आवाज मोठा. वजन करायचं तं कुत्रं काट्यावर थांबे ना. मग मलेच त्याले उचलून काट्यावर उभं केलं, मग मले एकटीले, आणि त्यातून हे वजा. आजी बेचाळीस किलो, असं तो साऱ्या दवाखान्याले ओरडून म्हणे. मी म्हटलं, बाप्पा, पंचायतीत दवंडी दे आता. जात विचारली तं मी गावची सांगितली. डॉक्टरनं देशी लिहिलं. खूण म्हणून फाटका कान लिहिला. जन्मतारीख मले काय माहीत. माणिकबाईच्या सुनेचं पहिलं बाळंतपण झालं त्या उन्हाळ्यात ते आलं, एवढं सांगितलं. त्यानं अंदाजे लिहून घेतलं.

थकून गेली, पोरी. आंब्याच्या लोणच्याची बरणी बांधून ठेवली, दूधवाल्याले मार्चअखेर सांगितलं, तुळशीची कुंडी माणिकबाईले देऊन टाकली. मले जायची हौस नाही. पण राहणं बी होत नाही. तान्ह्या पोळ्याच्या दिवशी न्हाणीत पडली होती, तुमाले कंबर दुखते एवढंच सांगितलं होतं. दोन तास उठता आलं नाही. हे दारापाशी उभं राहून भुंकलं, माणिकबाई शिव्या देत आली, तवा उचललं. माणिकबाईनं तिथूनच तुझ्या बापाले दोन वेळा फोन लावला होता. तो मीटिंगमध्ये होता. असन. हे रडगाणं म्हणून लिहीत नाही. कुत्रं काहून न्यायचं ते कोणी विचारलं तं तुले सांगता यावं म्हणून लिहिलं.

एक काम कर. धर्मेंद्र म्हणे, रेल्वेत कुत्रं आपल्याजवळ न्यायचं तं फर्स्ट क्लासची आख्खी खोली घ्यावी लागते, नाहीतं गार्डाच्या डब्यातल्या पेटीत. बाकीच्या डब्यात चढू देत नाहीत. तुझ्या बापानं कोणतं तिकीट काढलं ते विचारून लिही.

तुझ्या आईले, मायाले, आशीर्वाद. औषधाची बाटली आहे अजून.

आजी


अमरावती
१५ मार्च २०२५

ती. आजीस प्रणालीचा सा. न. वि. वि.

उत्तराला उशीर झाला. खोक्यांचं कारण सांगणार होते. पण ते खोटं आहे, आणि तू ते पहिल्या ओळीतच पकडलं असतंस.

तिकिटं मी पाहिली. चार आहेत, थ्री टायरची. बाबा, आई, मी आणि तू. जमादारासाठी पेटीचं काहीच विचारलेलं नाही. बाबांना विचारलं तर आधी म्हणाले, बघू. मग परत विचारलं तर म्हणाले, दाखला काही मिळत नाही तिला, दोन चकरा मारून थकेल आणि सोडून देईल, माणिकबाई घालतील त्याला भाकर. एकदा माय गाडीत बसली की विसरेल. तान्ह्या पोळ्याचं मी तेव्हाच सांगितलं. त्यांनी उठून हात धुतले. जेवण तसंच राहिलं होतं.

मी त्यांच्याशी भांडले, आजी. आई मध्ये पडली. आता घरात तिघं तीन खोल्यांत खोकी बांधतो. बाबा वाईट नाहीत, तुला माहीत आहे. ते दमलेत. त्यांना सगळं एका फटक्यात उरकायचंय, आणि तुझा जमादार उरकत नाही.

मी हे लिहिलं असं त्यांना कळू देऊ नकोस. तू येतेस की नाही यावर सगळं अडलंय आणि त्यात मी चुगली केली असं व्हायला नको. येत्या आठवड्यात ते तिकिटाचा फोटो माणिकबाईंच्या फोनवर पाठवणार आहेत. तो नीट बघून घे. एवढंच सांगते.

मला तुझ्याशिवाय जायचं नाही, पण तू रागात नाही म्हणावंस असंही वाटत नाही. काय वाटतं तेच कळत नाहीये.

रागावलीस तरी चालेल, गप्प नको राहूस.

प्रणाली


पातूर
२६ मार्च २०२५

चि. कुलदीप यास मायचे आशीर्वाद.

दाखला मिळाला. आज सकाळी डॉक्टरनं दात पाहिले, कान पाहिले, थर्मामीटर लावला. कुत्रं पहिल्यांदा गुमान उभं राहिलं. दाखला धर्मेंद्रकडून वाचून घेतला. नाव जमादार, देशी, नर, पिवळा, डावा कान फाटलेला, संसर्गाचा रोग नाही, प्रवासास योग्य. खाली सही आणि गोल शिक्का. झेरॉक्स सोबत जोडली आहे. ओमप्रकाश उद्या अमरावतीले चालला, त्याच्या हातीच हे पत्र देते, पोस्टानं तुझी गाडी निघून जाईन.

तू माणिकबाईच्या फोनवर तिकिटाचा फोटो पाठवला होता. तो मी धर्मेंद्रले दाखवला. तो म्हणे, आजी, ह्या डब्यात कुत्रं चढत नाही. मले बाकी कोणी काही सांगितलं नाही. प्रणाली तं महिनाभर दोन ओळी बी लिहीत नाही, शिकलेल्या पोरीचं हे असं.

मी रागावली नाही. ह्या वयात राग पचत नाही. तुले वाटलं असन की म्हातारी थकेन. थकलीच. तीन वेळा दवाखाना केला, बाकड्यावर बसून कंबर गेली, माझं वजन साऱ्या पातूरले माहीत झालं. पण थकलेलं माणूस काम सोडते असं नाही, हळू करते. तू किसनरावांचा पोरगा असून तुले हे माहीत नसावं.

परवाच्या गाडीत मी बसत नाही. तू जा. नोकरी आहे, जावंच लागते. लोणच्याची बरणी ओमप्रकाशजवळ देते, मायाले सांग खोक्यात नको टाकू, मांडीवर ने. तुळशीची कुंडी मी परत आणली. माणिकबाईनं पाणी घालून घालून सडवली होती.

हा दाखला दोन दिवसांनी कामाचा राहणार नाही. काही हरकत नाही. सुईचं कार्ड वर्षभर चालते, दाखला पुन्हा निघते, आता मले बाकडं बी ओळखते. पण एका कुत्र्यासाठी सरकारच्या माणसानं सही-शिक्क्यानं लिहून दिलं की हे न्यायजोगं आहे. मायबद्दल कोणी तसं लिहून दिलं नाही. तू देशील तं मे महिन्यात स्वतः न्यायले ये. पेटीत न्यायचं असन तं पेटीत, मी त्याले समजावीन. पण जमादार येईन. नाही म्हणायचं असन तं नाही लिही. नाही बी चालते, त्यानं मले इथली सोय लावता येईन. बघू चालत नाही.

तब्येतीले जप. जेवताना झोपत जाऊ नको, घास लागते.

माय

ता. क. उत्तर तूच लिहायचं, पेनानं, कागदावर. मायाले लिहायले लावू नको आणि प्रणालीले सांगून लिहून घेऊ नको. तिचं अक्षर मी ओळखते.