कार्डावरचं साल

एमायेस,

तुझ्या लेकीचा, त्सिगेचा वाकून नमस्कार. देवाच्या दयेने मी धडधाकट आहे. तुझ्या गुडघ्याचं मलम आस्तेरच्या हाती पाठवलं आहे.

तू आयेलेचताईला म्हणालीस म्हणे, "तिच्या ग्रीन कार्डाचा फोटो बघितला मी. अजून आठ वर्षं आहेत, तिला कसली घाई?" एमाये, कार्डावरचं २०२६ हे अमेरिकेचं साल आहे. आपल्याकडच्या पंचांगात २०१८ चालू आहे, तेच इथलं २०२६. कार्ड याच वर्षी संपतं.

ते नवं करून मिळतं. पण कार्डावर राहून आईला इकडे बोलावता येत नाही, त्यासाठी नागरिक व्हावं लागतं. म्हणून मी नागरिकत्वाचा अर्ज केला. शपथ घेतली की आपला पासपोर्ट जाईल. आपल्या सरकारला दोन देशांचं माणूस चालत नाही.

रविवारी कॉफीला वोंदवोसेनकाका म्हणाले, "काय फेरेंजीबाई, झालात ना परदेशी? आता माहेरी जायला व्हिसा काढा." सगळे हसले. मी तिसरा, आशीर्वादाचा कप न घेताच उठले. तुला ते आवडलं नसतं.

तू येणार नाहीस, हे मला ठाऊक आहे. कोंबड्या कोण बघणार, हेही खरं. तरी अर्ज राहू दे.

कोंबड्या किती झाल्या? छप्पर गळतं का अजून?

पुढल्या खेपेला आदिसच्या विमानतळावर उतरेन तेव्हा परदेशी लोकांच्या रांगेत असेन. त्या रांगेला वेळ लागतो म्हणतात. तू बाहेर बसून घे, उभी राहू नकोस.

तुझीच,
त्सिगेरेडा