बेडूकउड्या

पूर्णा, मंगळवार

दादा,

तू शिकवतोस त्या खो-खोच्या सरावात मागच्या आठवड्यात उडीवरून उतरताना माझ्या श्रद्धाचा गुडघा मुरगळला. सूज होती तरी तू म्हणालास, बेडूकउड्या मार, मोकळा होईल. मामानं सांगितलं म्हणून तिनं रडत रडत मारल्या.

लिगामेंट फाटलंय. परभणीचे डॉक्टर म्हणाले, आधी अंग गरम करायला आणि उडीनंतर गुडघे वाकवून उतरायला शिकवलं असतं, तर बहुतेक टळलं असतं. पण तुला तरी कुणी शिकवलं होतं? तुझा गुडघा शाळेतच गेला, त्यापायी खेळाडूंच्या कोट्यातली रेल्वेतली नोकरी हुकली. ती भाचीला मिळावी असं तुला लय वाटतं, मला ठाऊक हाय.

तोंडावर बोलायचं बळ न्हाई राहिलं, आणि हे पत्रही मी टाकणार न्हाई. ते मैदान सोडलं तर तुझ्यापाशी दुसरं हाय काय?

सकाळी श्रद्धा जिना उतरायली होती. भिंतीला धरून, तिरकी होऊन, आधी एक पाय, मग दुसरा. शेजारच्या सुमनबाईंना काही माहीत न्हाई. त्या कौतुकानं म्हणाल्या, "उतरती बघा कशी, अगदी मामासारखी."

तुझीच,
सुमंगला