केशरआत्याची मिश्री आणि माकडांचे पूर्वज

पुणे,
४ ऑगस्ट १९९६

ती. सौ. केशरआत्यास,
शुभांगीचा शि. सा. न. वि. वि.

मी इकडे खुशाल आहे. तू दिलेल्या शेंगाचटणीवर वसतिगृहातल्या निम्म्या मुली जगताहेत. काळजी आहे ती तुझी. मे महिन्यात पाहिलं, जेवताना तुझ्या गालाची आग होत होती. तरी मिश्रीची डबी सकाळ-दुपार-संध्याकाळ हातात होतीच.

परवा प्राणिशास्त्राच्या सरांनी सांगितलं, तंबाखूचं झाड पानात विष तयार करतं ते किड्यांनी पानं खाऊ नयेत म्हणून. म्हणजे तू रोज कीटकनाशकानं दात घासतेस! मग माणसालाच हे विष का आवडावं, असं मी विचारलं. सर म्हणाले, नक्की कुणालाच ठाऊक नाही, पण एक अंदाज आहे. आफ्रिकेतली चिंपांझी माकडं पोट बिघडलं की कडू झाडपाल्याचा रस चोखतात. आपले पूर्वजही जंतांवर असाच कडू पाला चघळत असतील. ज्यांना तो रुचला ते तगले, आणि ती ओढ आपल्यापर्यंत आली.

ते असो. तू मिश्री सोड आणि दवाखान्यात तोंड दाखव. मामांना नमस्कार.

तुझी भांडकुदळ भाची,
शुभांगी


राहाता,
१४ ऑगस्ट १९९६

चि. शुभांगीस,
केशरआत्याचा पोटभर आशीर्वाद.

पत्र पोचलं. लई बरं वाटलं. इतकी वर्सं समदे मला नावं ठेवायचे. आता माझ्या भाचीनं कॉलेजातून लिवून कळवलं की मिश्री हे जंताचं औषिद हाय आन ते पूर्वजांपासून चालत आलंय. तुझं पत्र मी आळीतल्या बायांना वाचून दाखवलं. शेवटची ओळ तेवढी राहिली, चष्म्यावर वाफ आल्ती. दुसऱ्या दिवशी बन्सीच्या दुकानातली मिश्री दुपारलाच संपली.

तुझे मामा ओट्यावर बसून ऐकत हुते. माकडांचा भाग त्यांनी पुन्ना वाचायला लावला. लग्न झाल्यापासून नवऱ्यानं माझं एवढं मन लावून कधी ऐकलं न्हवतं बघ.

गाल हाय तसाच हाय. त्याची काळजी करू नको. अभ्यास कर, आन सरांनी असलंच काही चांगलं सांगितलं की कळव.

तुझी आत्या,
केशर


पुणे,
२१ ऑगस्ट १९९६

ती. सौ. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून हसावं की रडावं कळेना. अगं, ते माकड आजारी पडल्यावर पाला चोखतं आणि बरं झालं की त्या झाडाकडे ढुंकूनही बघत नाही. तू कुठल्या जंतांवर तीस वर्षं औषध घेते आहेस? जंतांची गोळी सरकारी दवाखान्यात फुकट मिळते.

आणि पूर्वजांचंच म्हणशील, तर सर असंही म्हणतात की पिकून आंबलेल्या फळांच्या वासावर माकडं झाडं शोधायची, माणसाला दारूची ओढ बहुधा तिथूनच लागली असावी. मग काय, मामांनी पाच वर्षांपूर्वी सोडलेली पुन्हा सुरू करायची? तूच सांग.

हे पत्र मात्र शेवटच्या ओळीपर्यंत वाच. दवाखान्यात जा, जा, जा.

तुझीच,
शुभांगी


राहाता,
२९ सप्टेंबर १९९६

चि. शुभांगीस,
आत्याचा आशीर्वाद, जरा रागावलेला.

तू ईचारलंस, मामांनी पुन्ना सुरू करायची का. पत्र मी मोठ्यानं वाचत हुते. मामा ओट्यावरून व्हय म्हनले.

मला वाटलं, चेष्टा. तेवढ्यात बागेत पावसानं पेरू गळून सडले. आपला बोकड दावं तोडून तिथं गेला आन पोटभर खाऊन झोकांड्या देत आला. शेजारची पोरगी बघायला आलेल्या पाव्हण्यांच्या फटफटीला त्यानं टक्कर दिली, आन मग तिच्याच सावलीत घोरत पडला. मामा समद्यांना सांगत सुटले, बघा, बोकडाला बी पूर्वज हायत.

पोळ्याच्या दिवशी मामा बैल मिरवून घरी आले तर तोंडाला दारूचा वास. मागं पिऊन कॅनॉलात पडले हुते, लोकांनी बैलगाडीत घालून आणलं हुतं, ते समदं डोळ्यापुढं आलं. मी आरडले, रडले. त्यांनी शांतपणी सांगितलं की तू पूर्वजांचा पाला लावती, मी पूर्वजांची फळं घेतली, आपलं दोघांचं घराणं एकच.

शुभे, तोंड उघडावं तर तोंडात मिश्रीच हुती.

मग मी चूळ भरली, डबी त्यांच्यापुढं ठेवली, आन सांगितलं की मी ही सोडते, तुमी ती सोडा. ते उठले आन डबी उकिरड्यात पुरून आले. येताना डोळं पुसत हुते. म्हनले, धूर गेला. चूल तर इझलेली हुती.

बन्सीला बजावलं, मी मागितली तरी देऊ नको. तिसऱ्या दिवशी मीच मागाया गेले. त्यानं हात जोडले. मी त्याच्या सात पिढ्या काढल्या, तो हसत उभाच. संध्याकाळी त्याला पुरनपोळी नेऊन दिली.

दवाखान्यात गेल्ते. डॉक्टरीणबाईंनी गालाच्या आत पांढरा डाग दावला. म्हनल्या, येळेवर आलात, मिश्रीला पुन्ना शिवला न्हाईत तर जाईल. म्हैन्यानं परत या. मामा सायकलवर डबलसीट घेऊन गेल्ते. नव्या नवरीगत वाटलं, लाज बी वाटली.

मामांनी त्या दिवसापासून दारू शिवली न्हाई. डोकं दोघांचं बी ठणकतं. पयले सकाळी माझ्या तोंडात मिश्री असायची, म्हून बोलणं न्हवतं. आता च्या पीत समोरासमोर बसतो, आन तोंडं रिकामी, मग बोलावंच लागतं. तीस वर्सांचं साठलेलं हाय. निम्म्याच्या वर भांडणच हुतं, पर उठावंसं वाटत न्हाई.

सरांना आमचा दोघांचा नमस्कार. माया करती तशीच करत रहा, फकस्त त्यांचा नवा अंदाज आमाला कळवू नको.

तुझी,
केशरआत्या